मनांग पेतांगचे लाल ठिपके

मनांग पेतांग बाजारात दिसली की मासळीवाल्या बाया आपापल्या टोपल्यांवर फडकी ओढून घ्यायच्या. ही बाई माशाचा कल्ला उघडून बघणार, डोळा दाबून बघणार, वास घेणार, आणि एवढं करून विकणारीच्या तोंडाकडं टक लावून विचारणार, "कालचा न्हाई न्हवं?" मासा हाताखाली उड्या मारत असला तरी विचारणार.

पेर्पेतुआ सुमागायसाय हे तिचं कागदावरचं नाव. आमच्या विया अरेवालोत लहानथोर सगळे तिला मनांग पेतांगच म्हणतात, मनांग म्हणजे थोरली ताई. लग्न केलं नाही. एक गडी लई दिवस मागं होता, पण "त्यो फारच ग्वाड बोलायचा, म्हून मला वास आला," असं तीच सांगते. तांदळाच्या पोत्याला ती गाठ मारते ती दुसऱ्याला सुटत नाही. कोंबड्यांच्या नखांना लाल नेलपेंट लावते, शेजाऱ्यानं ढापली तर ओळखू यावी म्हणून. तिच्या स्वतःच्या नखाला मात्र कधी रंग लागला नाही.

पोटासाठी ती घरी बसून टाइप करते. परदेशातले डॉक्टर रोग्यांबद्दल बोलून ठेवतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि लिहून पाठवायचं. तिथंही तिचा जीव शांत नाही. "ह्यो आज पिऊन बोलतोय," म्हणून मान हलवते आणि पुढं लिहिते.

टाइप करून करून तिची मनगटं सुजायला लागली. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, पास्मा झालाय, दमलेले हात गार पाण्यात घालतेस म्हणून. तिनं आठवडाभर हात धुवायचे टाळले. फरक पडला नाही. मग नाइलाजानं ती देल्फिनकडं गेली.

देल्फिन गल्लीच्या टोकाला राहतो. पूर्वी मोबाईल दुरुस्त करायचा, आता गिऱ्हाइकाच्या हाताला बसतील असे कीबोर्ड स्वतः जोडून देतो. प्रत्येक बटणाच्या पोटात एक स्विच असतो, सुपारीएवढी प्लॅस्टिकची डबी, आत बारकी स्प्रिंग. तो ती डबी उघडतो, ब्रशानं ग्रीस लावतो, परत बंद करतो. अशा सगळ्या. दुसऱ्या बेटांवरची माणसं त्याचं तोंडही न बघता आपापले कीबोर्ड त्याला कुरिअरनं पाठवतात. फोनवरच्या त्यांच्या ग्रुपात देल्फिनचं नाव चांगलं आहे, त्याच्यावरच त्याची चूल पेटते.

त्यानं मनांगपुढं नाना जातीचे स्विच मांडले. शहाळं वाजवून घ्यावं तसा तिनं एकेक दाबला, कान खाली नेऊन ऐकला. सकाळ गेली. देल्फिन हसला नाही की घाई केली नाही. तो कीबोर्ड जोडत होता तेव्हा ती स्टुलावर समोरच बसली, त्यालाही तो काही म्हणाला नाही.

त्या कीबोर्डाचा आवाज आम्हाला रस्त्यावरून यायचा. ओल्या मातीवर पिकला चिकू पडावा तसा, ठब्ब, ठब्ब. मनगटांची सूज उतरली. मी विचारलं, "मनांग, कसा काय हाय?" तर म्हणाली, "वाईट न्हाई." तिच्या तोंडून एवढं ऐकायला पाद्रीबाबाही आजवर थांबलेत.

पण समुद्र जवळ. खारं वारं, मांजरीचे केस, टाइप करता करता खाल्लेला भात. वर्ष झालं तशी बटणं अडकायला लागली. देल्फिन म्हणाला, सगळे स्विच उघडून धुवायला पाहिजेत, कीबोर्ड ठेवून जा. ठेवून जायचं म्हटल्यावर मनांगचं काळीज हललं. काम थांबवून तिथं स्टुलावर बसून राहणं तिला परवडणारं नव्हतं. तिनं घरी येऊन बटणांवरची सगळी टोपणं उपटली, प्रत्येक स्विचच्या डोक्यावर नेलपेंटचा लाल ठिपका दिला, टोपणं परत बसवली, आणि मग कीबोर्ड नेऊन दिला. कुणाला बोलली नाही.

कीबोर्ड परत आला. तिनं दोन ओळी टाइप केल्या आणि थांबली. आवाज तो नव्हता. आता उशीवर बोट मारल्यासारखं वाटत होतं. तिनं टोपणं उपटली. एकाही स्विचवर लाल ठिपका नव्हता.

देल्फिनच्या दारात उभी राहून ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माजं चांगलं स्विच काढून तू दुसऱ्याला इकलंस."

देल्फिनच्या हातातला पाव तसाच राहिला. "मनांग, नवीन ग्रीस हाय. थोडं दिस टाइप करा, आवाज येतोय का न्हाई बगा."

"माज्याकडं पुरावा हाय."

"कसला?"

"त्यो हॉलात पंचांम्होरं दावीन. आन् मग तुज्या त्या ग्रुपातबी लिवीन."

देल्फिनचं तोंड उतरलं. मनांगनं ग्रुपात चार ओळी लिहिल्या असत्या, तर बेटाबेटांवरची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी आपलं सामान परत मागायला लागली असती.

बरांगायच्या, म्हणजे वस्तीच्या पंचायतीच्या हॉलात तंटे मिटवायला बसतात त्यांत मी एक. आमची कप्तान हेर्मिनिया, तिला सगळे कॅप म्हणतात. भिंतीवरून कोंबडी आली, शेळीनं केळ खाल्ली, असली भांडणं आम्ही मिटवलेली. कीबोर्ड पहिल्यांदाच आला. खरं सांगायचं तर मलाही देल्फिनची शंका यायला लागली होती. गडी रोज पुडकी घेऊन कुरिअरवाल्याकडं जाताना दिसायचा. एवढ्या पुडक्यांत काय काय जात असेल, कोण बघतंय?

कॅप म्हणाली, "हं, मनांग, काडा पुरावा."

मनांग उठली. "परत्येक स्विचवर म्या लाल ठिपका दिलता. नेलपेंटचा. आता एकबी न्हाई. कुटं गेलं?"

हॉलात चुळबुळ झाली. देल्फिन तिच्याकडं बघतच राहिला.

"त्यो ठिपका तुमी दिलता?"

"मग काय कोंबडीनं दिलता?"

"आवो, मला वाटलं घरात कुणाच्या हातनं बाटली सांडली! धुवून निगंना म्हून टूथपिकनं खरवडत बसलो मी. एकेक! बायको म्हनली, सोड, आतलं कोन बगतंय. मी म्हनलं, न्हाई, मनांग बगती."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मनांग हसली नाही. "असं कुनीबी म्हनल."

ते खरंच होतं. असं कुणीही म्हणेल. आम्ही पंच एकमेकांकडं बघायला लागलो.

मनांगनं पिशवीतून भिंग काढलं. तिच्याकडं ते कायम असतं, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायला. "ह्ये स्विच माजं न्हाईत. डोक्यावर कंपनीचं बारीक नाव असतंय. ह्येच्यावरचं नाव येगळंच आसणार, बगा." तिनं कीबोर्ड उजेडाला ओढला, एक टोपण उपटलं आणि भिंग लावलं.

ती वाकली ती वाकलीच. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. नखानं काहीतरी उकरलं, नखाकडं बघितलं.

"काय हाय?" कॅपनं विचारलं.

मनांगनं दुसरं टोपण उपटलं. मग तिसरं. भिंग तिच्या एकटीच्याच हातात होतं. नाव वेगळं आहे म्हणाली असती तर आम्ही कुणी पुढं होऊन बघितलं असतं, सांगता येत नाही. देल्फिन भिंतीला टेकून उभा होता, घाम पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. पूर्ण ओळ संपवून तिनं भिंग खाली ठेवलं.

"अक्षरांच्या खाचंत लाल हाय," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी माजंच हाईत. त्येनं खरवडल्यात. खाचंतलं निगालं न्हाई." मग भिंग परत उचलून म्हणाली, "बाकीच्या ओळी आजून बगितल्या न्हाईत."

"बगा की मग!" कॅपनं कपाळाला हात लावला.

तिनं बघितल्या. आम्ही सगळे बसून राहिलो, चहा गार झाला. शेवटचं टोपण बसवून ती उठली, देल्फिनच्या पुढं गेली आणि म्हणाली, "तू घेतलं न्हाईस. म्या चुकले." मग वळून दारात जमलेल्या सगळ्यांना तेच पुन्हा मोठ्यांदा सांगितलं, जेवढ्या मोठ्यांदा चोर म्हणाली होती तेवढ्याच.

कॅप म्हणाली, "आता हात मिळवा."

देल्फिननं हात मिळवला. पण म्हणाला, "कॅप, एक सांगतो. हिच्या वस्तूला मी परत हात लावनार न्हाई."

मनांगचा चेहरा त्या वेळी मी पहिल्यांदा घाबरलेला बघितला. "मग माज्या बटनांचं कोन बगनार रं? मनगटं परत सुजतील."

"तुमी बगा. या घरी, शिकवतो. पन हात तुमचा."

आता चार-सहा महिन्यांनी बटणं अडकायला लागली की मनांग त्याच्या ओट्यावर बसलेली दिसते. चष्मा लावून एकेक स्विच उघडते, ब्रश फिरवते. देल्फिन दोन्ही हात काखेत घालून समोर उभा. "कमी लावा. आजून कमी. ह्ये काय पावाला लोणी लावायलाय?" आवाज पहिल्यासारखा आला तो महिनाभरातच, त्यानं सांगितलं होतं तसा. पण त्याबद्दल ती कधी बोलली नाही, त्यानंही कधी विचारलं नाही.

परवा मी तिथून जात होतो. तिच्या चिमट्यातून स्प्रिंग निसटली, टणकन उडाली आणि देल्फिनच्या चपलेजवळ पडली. मनांग डोळे बारीक करून जमीन धुंडाळायला लागली. देल्फिन जागचा हलला नाही. हात काखेत तसेच ठेवून हनुवटीनं खाली दाखवत म्हणाला,

"तुमची हाय, मनांग. तुमीच उचला."