हिरवी टोपणं

कुणाला पालीची किळस येते, कुणाला दुधावरच्या सायीची. भोंग्याला यायची जावयाच्या गाडीच्या चाकांवरच्या हिरव्या टोपणांची. भोंगा म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. आवाज असा, की याच्या बसला हॉर्न बसवलाच कशाला, असं प्रवासी विचारत. हयातभर त्याचा एकच नेम: गाडी हलवण्याआधी प्रत्येक चाकाला तळहाताने थाप मारायची, मापक लावून हवा बघायची. बायको म्हणायची, "माझी कधी एवढी विचारपूस केली नाहीत!"

जावयाने मात्र चाकांत नायट्रोजन भरून घेतला होता. त्याची खूण म्हणून दुकानदाराने हिरवी टोपणं बसवून दिली, आणि तेव्हापासून गडी हवा बघायचं साफ विसरला.

"नायट्रोजन उतरत नाही, बाबा."

"उतरतो हो. सावकाश उतरतो, एवढंच. आणि साध्या हवेत तरी दुसरं काय भरलंय? बहुतेक नायट्रोजनच की!"

"शुद्ध नसतो ना पण!"

'शुद्ध' म्हणताना जावयाचे डोळे असे मिटत, की भोंग्याला मळमळायचं.

त्या सकाळी मुलीची मुलाखत होती, दूरच्या शहरात. वाटेत पडतं म्हणून दोघं आदल्या रात्री भोंग्याकडे मुक्कामाला आली होती. बाळंतपणात नोकरी सुटल्यानंतरची पहिलीच. जावई आत दाढी करत होता, तेवढ्यात भोंग्याने थापा मारून घेतल्या. मागचं डावं चाक लोळागोळा. मापक लावलं तर हवा निम्म्यावर! त्याने गुपचूप पायपंप काढला, धापा टाकत चाक टणटणीत केलं आणि हात धुवायला आत गेला.

बाहेर येऊन बघतो तर गालाला फेस लागलेला जावई चाकाशी उकिडवा, आणि गाडी त्या बाजूला पार बसलेली.

"हे काय केलंत?"

"खिडकीतून बघितलं मी. तुम्ही साधी हवा मिसळलीत, बाबा! सगळी काढून टाकली. आता दुकानात जाऊन शुद्ध भरून घेऊ."

"जाणार कशी गाडी? खांद्यावरून? स्टेपनी काढा!"

स्टेपनी जावयाच्या घरी राहिली होती. डिकीत सामान मावत नाही म्हणून.

तेवढ्यात फाइल घेऊन मुलगी बाहेर आली. तिने चाक बघितलं, घड्याळ बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"हवा तू काढलीस ना? मग तूच भर."

"अगं, पण साधी..."

"भर म्हणते ना!"

जावई पंप मारू लागला. तोंड असं, जणू स्वतःच्या हाताने गाडीला विष पाजतोय. भोंगा मापक धरून उभा राहिला आणि "हं, अजून" एवढंच म्हणत राहिला.

दुपारी फोन आला. वेळेत पोचली, मुलाखतही छान झाली. भोंग्याचा जीव भांड्यात पडला. मग जावई फोनवर आला.

"चाक एकदम मस्त चाललं हं, बाबा. तळाशी थोडा नायट्रोजन राहिला असणार."

भोंग्याने मोबाइल मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला आणि बायकोपुढे केला.

"तुझा जावई. तूच बोल."