रिसेप्शनची कार्डं आणि माझा पाय

आमच्या ह्यांनी जन्मभर पुस्तकं बांधली. कागद बोटांत धरला की तो शाई पिईल का, घडीवर फुटेल का, सगळं सांगतात. माणूस मात्र आता दारात उभा राहिला तरी आवाज ऐकल्याशिवाय ओळखू येत नाही. डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू. आणि ह्यांनी मला शपथ घातली, "लग्नाचं रिसेप्शन उरकून पोरगी नव्या नोकरीच्या गावी जाईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. कळलं तर ती जायची नाही."

शपथ घालून हे मोकळे! निभावायची मी.

त्यात लेकीने फर्मान काढलं, "रिसेप्शनची कार्डं बाबाच निवडणार. बाइंडरच्या मुलीच्या टेबलांवर भिकार कागद चालायचा नाही." झालं! कागद निवडतील हो, पण रंग? म्हणून आम्ही ठरवलं, मी टेबलाखालून पाय दाबायचा. एकदा दाबला की पहिला नमुना, दोनदा दाबला की दुसरा.

छापखान्यात हे माझ्या शेजारी बसले, लेक समोर. छापखानेवाल्याने पाहुण्यांच्या नावांच्या कार्डांचे नमुने मांडले. ह्यांनी एक उचलून वाकवलं.

"हे उभं राहायचं नाही. पंखा लावला की आडवं होईल. जाड द्या."

माझा जीव भांड्यात पडला.

"आणि रंग, काका? हा पांढरा, की हा सायीसारखा?"

मी पाय दाबला, दोनदा. हे ऐटीत म्हणाले, "दुसरा." मग पाकिटं झाली, मेनूचं कार्ड झालं. माझ्या पोटरीत गोळे आले, हातरुमाल घामाने भिजला, पण ह्यांची एकही चूक झाली नाही.

मग त्याने आणखी एक कार्ड ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि माझी वाटही न बघता बोलून गेले, "वा! काळी शाई कशी ठसठशीत बसलीये!"

"काका, हा नुसता दाब देऊन बघितलाय. शाई कुठे लावलीये अजून?"

कार्ड पांढरंफटक होतं. माझा चेहराही तसाच झाला असणार. ह्यांचं बोट जागच्या जागी थांबलं. संपलं सगळं, आता ही नोकरीवर पाणी सोडणार आणि हे मला कधी माफ करणार नाहीत!

लेक छापखानेवाल्याला शांतपणे म्हणाली, "अक्षरं अशीच उठावाची ठेवा, वर काळी शाई द्या. आमच्या बाबांना त्यांच्या टेबलावरचं नाव वाचता आलं पाहिजे."

तो शाईचे नमुने आणायला आत गेला. मी तोंड उघडणार तोच ती माझ्याकडे वळली.

"आई, मघापासून तू माझा पाय ठेचतेयस. मीच तेवढ्याच वेळा बाबांचा पाय दाबत होते."

"अगं बाई! तुला माहीत होतं? कधीपासून?"

"कधीचंच. मी जाणार आहे, घाबरू नका. पण मला फसवून नका ना पाठवू."

ह्यांनी हात टेबलावरून चाचपडत पुढे नेला आणि तिचा हात सापडल्यावर तिथेच ठेवला.

"पाहुण्यांनी सह्या करायची वही राहिली," हे म्हणाले. "कागद मी सांगतो. रंग तू सांग."