फटफटीच्या टाकीतलं रॉकेल

शिराळ्याजवळच्या वाडीतली हौसाक्का त्रेचाळीसच्या नागपंचमीला, दिवस मावळायच्या आत, बाळंतपणात मेली. पेट्रोल विकणाऱ्या शेटजीने मारली तिला. आज त्याच्या दुकानावरून जाताना रॉकेलचा भपकारा आला आणि मला तो चढ आठवला.

तिच्यासाठी डॉक्टरांना घेऊन निघालो होतो, त्यांच्याच फटफटीवर; टाकीत याच शेटजीकडचं पेट्रोल. चढाला फटफटीचा जोर गेला, मागे पांढरा धूर. डॉक्टरांनी कार्बुरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, फुंकून साफ केलं, तरी इंजिन गुदमरतच राहिलं. मग त्यांनी टाकीतले थेंब माझ्या तळव्यावर टाकले. पेट्रोल उडून जातं. हे तेलकट, तसंच राहिलं.

“रॉकेल मिसळलंय रे यात!” ते ओरडले. आम्ही पळत सुटलो.

दारात तिचा नवरा म्हणाला, “आवं डाक्टर, आता कशाला आलासा?”

तेव्हा मी फटफटीला शिव्या घातल्या होत्या. गुन्हेगार अजून गल्ल्यावर बसलाय आणि तुम्ही गाववाले त्याला रामराम घालता. उद्यापासून घालू नका.