फाट्यावरचं पांढरं फडकं

याकोब अल्हाट सतरा वर्षं सायकलवर देवाचं काम करत होते. संगमनेरहून निघायचं, दिवेलागणीला पठारावरची एखादी वस्ती गाठायची, भजन-प्रार्थना करून कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकायची आणि सकाळी भाकरी खाऊन पुढे जायचं. महिन्याला सात-आठ गावं व्हायची. उरलेली चौदा गावं ‘मास्तर कधी येणार’ म्हणत बसायची. बहात्तरच्या वैशाखात ख्रिस्ती मंडळीने त्यांना एक जुनी राजदूत मोटरसायकल दिली आणि पंचेचाळिशीच्या या माणसाच्या कानात वासरासारखं वारं शिरलं.

मास्तरांनी भिंतीवर खडूने लिहायचा तक्ता लावला. बावीस गावं, प्रत्येकाची आठवड्याला एक फेरी. उद्दिष्टं कशी नेमकी हवीत, पाळता येण्यासारखी! पण आतल्या वस्त्यांचे रस्ते दगडधोंड्यांचे, तिथे वळलं की तास-दीड तास गेलाच. म्हणून त्यांनी तोड काढली. अशा वस्तीला एक पांढरं फडकं देऊन ठेवायचं. कुणी आजारी असलं, मयत झाली, काही नड असली, तर ते फाट्यावरच्या बाभळीला बांधायचं. फडकं दिसलं तर मास्तर वळतील. नाही दिसलं, तर तक्त्यात त्या गावापुढे ‘क्षेम’.

खडकवस्तीचं फडकं त्यांनी लंकाबाईकडे दिलं. सत्तरीची, दमेकरी, एकटी बाई. सायकलच्या दिवसांत मास्तरांनी सगळ्यात जास्त भाकरी खाल्ली ती तिच्याच चुलीवरची. तिचं घर फाट्याला सगळ्यात जवळ, म्हणजे मैलभर.

“बांधीन की मास्तर,” ती म्हणाली. “पाय चालत्याल तवर बांधीन.”

“नाही चालले तर दुसऱ्या कुणाला धाडा,” मास्तर हसून म्हणाले. गाडी चालूच होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आषाढ कोरडा गेला, श्रावणही. पठारावर मेलेल्या जनावरांवर गिधाडं उतरायला लागली आणि माणसं मूठमूठ पीठ बांधून दूर तलावाच्या दुष्काळी कामावर गेली. दर मंगळवारी मास्तर नाशिक-पुणे रस्त्याने खडकवस्तीच्या फाट्यावरून जात. बाभळीवर कावळे असत, फडकं नसे. मास्तरांना बरं वाटायचं. याचाच राग येतो. चहूकडे मरणकळा पसरलेली, आणि हा भला माणूस उघड्या बाभळीकडे बघून देवाचे आभार मानत पुढे जात होता.

त्यांची बायको दीना तक्ता पुसायला गेली तेव्हा थबकली.

“अहो, खडकवस्तीला नऊ आठवडे क्षेम?”

“मग? चांगलंच आहे.”

“या दुष्काळात? मला नाही खरं वाटत. लंकाबाईंचा दमा तरी एवढा कधी गप बसलाय? मंगळवारी वळून या तिथनं.”

मास्तर चिडले. पण ते बोलणं मनात कुसळासारखं राहिलं. मंगळवारी फाट्यावर त्यांनी गाडी थांबवलीसुद्धा. वस्तीकडे धुळीची वाट जात होती, तिच्यावर एकाही पावलाचा ताजा ठसा नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं. शनिवारी नगरला मंडळीच्या बैठकीत अहवाल द्यायचा होता, बावीसपैकी चार गावं राहिली होती. पुढच्या मंगळवारी नक्की, असं म्हणून त्यांनी किक मारली.

नगरला अहवालाचं कौतुक झालं. बावीसपैकी बावीस.

पुढच्या मंगळवारी ते वळले. वस्तीत कुत्रंही भुंकलं नाही. दारं ओढून घेतलेली होती. फक्त लंकाबाईचं घर उघडं होतं आणि शेजारची केशरबाई तिची भांडीकुंडी गोणपाटात भरत होती.

“आज आलात व्हय?” ती म्हणाली.

मास्तरांनी गाडी बंद केली.

“आमी समदी तलावावर. ही एकटीच हुती वस्तीवर. घरं राखते म्हनली. ऐतवारी पीठ घिऊन आलो, तर त्या वाटंवर पडलेली. घरापासनं पन्नास पावलं न्हाई. फाट्याकडं त्वांड करून.” केशरबाईने पदराने तोंड पुसलं. “तवा चार-पाच दीस झालं आसत्याल. फडकं मुठीत हुतं. मूठ उघडंना, मग तसंच पुरलं. तुमाला सांगावा धाडावा तर कुनाला धाडनार? आन् ऊन आसलं, थांबायची सोय नव्हती.”

चार-पाच दिवस. मास्तरांनी रविवारपासून मागे मोजलं आणि ते मंगळवारपाशी येऊन थांबलं.

“तिला ऐकू यायची तुमची फटफटी,” केशरबाई म्हणाली. “वारं हिकडचं आसलं की आवाज येतुया हितवर. त्येच्या आदल्या ऐतवारी मला म्हनली, मास्तर येत्यात दर मंगळवारी, पन वळत न्हाईत.”

मास्तर थडग्यापाशी बसले. सतरा वर्षं ज्या तोंडाने प्रार्थना म्हटल्या, त्यातून एक ओळ निघाली नाही. ते नुसते रडले.

राजदूत त्यांनी पुढे अकरा वर्षं चालवली. प्रत्येक फाट्यावर वळले, मग महिन्याला गावं होवोत बारा नाहीतर दहा. त्या दिवशी मास्तर खडकवस्तीहून घरी आल्यावर दीनाने ओला बोळा घेऊन तक्ता पुसायला घेतला. बाकीचं सगळं मास्तरांनी पुसू दिलं. खडकवस्तीपुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात गेल्या मंगळवारचं ‘क्षेम’ होतं. तिथे त्यांनी तिचा हात धरला.

“ते राहू दे,” ते म्हणाले. “ते मी लिहिलंय.”