फूल पडण्याआधी

पत्नी गेल्यापासून मी केशवापुरातल्या एका अक्कांच्या गाड्यावरून रोज दोन भाकऱ्या घरी नेतो. नाव अजून विचारलेलं नाही. भाजताना त्या भाकरीलाच दटावतात, "नीट फुग बघू!" दोन मुलींची शिक्षणं चालू असताना त्यांनी या गाड्यासाठी बेलूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की, सर! देवीला फूल लावून कौल मागितला. उजवीकडं पडलं तर नोकरी सोडायची. पडेचना. मी आपली मनात, उजवीकडं पड गं बाई, उजवीकडं! मग माझं मलाच हसू आलं. ठरलंय तर विचारतेय कशाला? उठले, थेट तवा घ्यायला गेले."

"आणि फूल?"

"पडलं असेल की कुठंतरी! गरम आहे तोवर खावा."

त्या दिवशी मी तिथंच उभ्यानं खाल्ली.