आगेऱ्याच्या दोन जुड्या

माझा भाऊ ऑस्ट्रेलियात शेती करतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. आम्ही ठाण्याचे ख्रिस्ती, पिढ्यान् पिढ्या भात पिकवणारे. आमच्यातली मुलं परदेशी जातात ती बोटीवर, हॉटेलात, नाहीतर ऑफिसात. घोडबंदर रोडवरचा चिखल सोडून कुणी दुसऱ्या देशात जाऊन परत चिखलातच पाय घालतं का? पण हा गेलेला. उसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायला, दोन वर्षांच्या बोलीवर. त्याला आता वीसेक वर्षं होत आली. तिथल्या उत्तरेला कुठेतरी, जिथे शेजाऱ्याकडे चहाला जायचं तर गाडीनं तास लागतो, तिथे स्वतःची जमीन घेऊन बसलाय. बायको तालुक्याच्या इस्पितळात नर्स आहे. जाताना आईला म्हणालेला, "दोन वर्षांनी येतो आणि आपलं शेत मीच बघतो." आई ते शब्द धरून बसली, आणि शेतही.

शेत म्हणजे काय, तर घरामागची एक पट्टी. बाकीचं बाबांच्या हयातीतच रस्त्यात आणि टॉवरांत गेलं. आता पट्टीच्या तीन बाजूंना बिल्डिंगा आणि चौथ्या बाजूला आमचं बैठं घर, पुढे क्रूस. दर नाताळला बिल्डरचा माणूस मिठाईचा डबा घेऊन येतो. आई मिठाई ठेवून घेते आणि सांगते, "पोरगा आला की बघू." आणि पावसाळ्यात परत भात लावते. पोरगा येईल तेव्हा जमीन पडीक दिसायला नको, एवढंच तिचं म्हणणं. या पट्टीसाठी मी दरवर्षी रजा टाकून ठाणे शहरातल्या माझ्या घरून, खोपटहून, आवणीला येते, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावते, आणि वरच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाइलवर माझ्या कंबरेचं शूटिंग करतात. एकदा एका बाईनं वरून ओरडून विचारलं, "ऑरगॅनिक आहे का हो?" मी म्हटलं, खाली या, दाखवते.

आता पत्रांचं सांगते. या जमान्यात पत्रं कोण लिहितं? पण आईला ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणून दिलं, ते तिनं जपून डबीत ठेवलंय, जशी काही सोन्याची कुडी. फोनवर भाऊ बोलला की ती नुसती "हां, हां, जेवलास का?" म्हणते. म्हणून तो कागदावर लिहितो, मराठीत, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. त्याचा फोटो काढतो, आणि बाजाराला तिथल्या गावात गेला, नेटवर्क मिळालं, की मला पाठवतो. मी डेपोजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढते, कारण स्क्रीनवरचं पत्र आईला पत्र वाटत नाही. मग रविवारी बसनं, ट्रॅफिकमध्ये उकडत, गावात जाऊन ते तिला वाचून दाखवते. वाचून म्हणजे बोंबलून. माझ्या बोंबलण्यामुळे अख्ख्या गल्लीला माहितीये की माझ्या भावाच्या बुटात साप निघाला, त्याच्या घराचे पत्रे वादळात उडाले, आणि कांगारूंनी त्याचा मका कसा फस्त केला.

"कांगारू म्हणजे आपल्याकडच्या रानडुकरासारखेच गं," त्यानं लिहिलेलं, "फक्त उभे राहून खातात."

आईनं लगेच उत्तर सांगितलं. कुंपणाला सुक्या मिरचीची धुरी दे, आठ दिवस फिरकणार नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, तसं आमच्या ओटीवरून ऑस्ट्रेलियाची शेती चालायची. आणि हा वेडा ते सगळं करायचा! पुढच्या पत्रात कळवलं की धुरी दिली, कांगारू पळाले, मग बायकोही पळाली, दोन दिवस घरात कुणाला श्वास घेता येत नव्हता. आई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

गंमत अशी, की एकच पत्र आम्ही दोघी दोन तऱ्हेनं ऐकायचो. तो लिहायचा, "इथल्या मातीला आपल्यासारखा वास नाही." आई म्हणायची, "बघ, कंटाळला. येणार तो." तो लिहायचा, "नवं कुंपण घातलं, नदीपर्यंत." मी मनात म्हणायची, येणारा माणूस नदीपर्यंत कुंपण घालत नाही. पण बोलायची नाही. एकदा बोलले, तर म्हणाली, "तुला त्याचं बरं बघवत नाही." आपला तो बाब्या! कंबर माझी मोडते, कुंपण त्याचं कौतुकाचं. मी चिडायची, चार दिवस फोन करायची नाही, आणि पाचव्या दिवशी पत्र आलं की परत प्रिंट काढायला पळायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते पत्र आलं. पट्टीतलं भात पोटरीला आलेलं, म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटातच होतं, नुसतं फुगलेलं. मी नेहमीसारखी ओटीवर बसून ओरडून वाचत होते. नदीकाठच्या सखल तुकड्यात पाणी साठतं, यंदा तिथे भात करून बघतो, असं लिहिलेलं. आई खूश. आणि मग शेवटच्या ओळीत, "आईला सांग, आपल्या घरचं बियाणं थोडं दे."

आईनं मला थांबवलं. "परत वाच."

मी परत ओरडले. समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन उभी राहिली, आणि आईकडे बघून तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मला काही कळेना. बियाणं मागितलंय, किडनी नाही! आई उठली, आत गेली, आणि आढ्याला टांगलेला भाताचा छोटा मुडा सोडायला लागली. त्या पेंढ्याच्या गाठोड्यात ती बियाण्याचं भात राखून ठेवते, पहिली पेरणी पाण्यात गेली तर असावं म्हणून. मी स्टुलावर चढून तो खाली घेतला. "अगं, पण झालं काय?"

तेव्हा तिनं सांगितलं. आमच्या घरात कुणी तोंडानं "मला वेगळं व्हायचंय" असं म्हणत नाही. म्हणायचंच नाही, आईच्या जिवाला लागतं. ज्याला वेगळी चूल मांडायची असते तो जेवण झाल्यावर एवढंच म्हणतो, की मला घरचं बियाणं दे. मग आईनं काही विचारायचं नाही. आपल्या हातानं पायलीभर मोजून द्यायचं. त्या दिवसापासून त्याचं घर वेगळं. काका असेच वेगळे झाले, आजीनं असंच मोजून दिलं, आणि मग मागच्या दारी जाऊन रडली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला कशाला सांगू? मुलींना बियाणं देत नाहीत."

काका वेगळे झाले तेव्हा मी पाळण्यात होते. भाऊ शाळेत जायचा. म्हणजे त्यानं ते बघितलं असेल. किंवा बघूनही कळलं नसेल, पोरगं होतं. मग आता त्यानं जे मागितलं ते नुसतं भात, की दुसरंच काही? माझं डोकंच चालेना. आई मात्र पायली भरत होती, हातानं सारखी करत होती. रडली नाही. मला वाटलं रडेल, म्हणून मी तिच्याजवळच बसून राहिले, तर म्हणाली, "बसून काय राहिलीस, पिशवी आण."

ती पिशवी घेऊन मी दुसऱ्या दिवशी खोपटला कुरिअरवाल्याकडे गेले. त्यानं पिशवीत हात घालून बघितलं आणि हसला. "मॅडम, ऑस्ट्रेलिया? बियाणं? विसरा." तिकडे बाहेरचं बी, माती, काहीही आत येऊ देत नाहीत म्हणे. आणि तिथे उभ्या उभ्या मला आठवलं, की हे तर मला माहीत होतं! भावानंच लिहिलेलं. मागच्या खेपेला तो इथून परत गेला तेव्हा आईनं बांधून दिलेलं सुकट आणि चिंच विमानतळावर त्यांनी काढून घेतलेली, आणि त्यानं पत्रात दोन पानं त्या अधिकाऱ्याला शिव्या घातलेल्या. म्हणजे बियाणं पोचणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मागितलं?

मी फोन लावला. दोन दिवसांनी लागला.

"अरे, बियाणं कशाला मागितलंस तू?"

"सहज गं. लिहिता लिहिता आठवण आली आपल्या भाताची."

"येऊ देतात का तिकडे?"

"छे! इथलंच घेणार मी बी." मग म्हणाला, "आई काय म्हणाली?"

"काकांसारखं वेगळं व्हायचं असलं की मागतात म्हणे. तुला माहीत होतं?"

तो काहीतरी बोलला, त्यात वारा होता नुसता. मग म्हणाला, "पण दिलं का तिनं?"

"तू माझं उत्तर दे आधी!"

"अगं, दिलं का?"

"दिलं. पायली भरून."

"बरं," म्हणाला. "बरं झालं." आणि मग कुत्र्याला ओरडायला लागला, आणि फोन कट. आता यावरून काय समजायचं माणसानं? मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, नॉर्मल बोलला की. मी रागावून झोपले. राग भावाचा होता, की आईचा, की त्या कुरिअरवाल्याचा, ते आजही सांगता येत नाही. एकदा वाटायचं, किती हलकट, एका ओळीत वीस वर्षांची वाट बघणं संपवलं. लगेच वाटायचं, बिचारा, "मी येत नाही" हे त्या आईला कुठल्या शब्दांत लिहिणार होता तो? आणि मग वाटायचं, की छे, खरंच भाताची आठवण आली असेल, आपणच काहीतरी डोक्यात घेऊन बसलोय.

पिशवी परत आईला नेऊन दिली आणि नेत नाहीत म्हणून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. मी दिलं, त्याचं झालं." पिशवी तिनं देव्हाऱ्याखाली ठेवली. मी विचारलं, "मग आता पुढल्या वर्षी भात कशाला लावायचं? बिल्डरला देऊन टाक." यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच बिल्डर.

"आणि आगेऱ्याला काय नेशील? फुलकोबी?"

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन आशीर्वाद घ्यायचा, मग घरी येऊन त्या दारावर लावायच्या. एका घराची एक जुडी. आता शेतं राहिली नाहीत म्हणून बरेच जण कुठून कुठून विकत आणतात. आमची मात्र पट्टीतली असते, आणि आई ती मिरवते. त्या सकाळी मी गेले तर आई नवं लुगडं नेसून तयार, आणि टेबलावर दोन जुड्या. दोन्हींना लाल दोरा, दोन्ही सारख्याच जाड.

"ही कुणाची?"

"त्याची. आता त्याचं घर वेगळं झालं ना."

देवळाच्या रांगेत दोन्ही माझ्या हातात. सगळे बघतायत. मागच्या बाईनं विचारलं, दुसरी कुणाची गं? मी कुजबुजून उत्तर देणार, तेवढ्यात आई, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून आपलंही कुणाला ऐकू येत नाही असं समजणारी माझी आई, भर देवळात मोठ्यानं म्हणाली, "पोराची! पोरगा वेगळा झाला माझा!" जसं काही बारसं सांगतेय. फादरांनी वर बघितलं. त्या बाईनं आईचा हात दाबला. आई ताठ उभी होती, पण तिची हनुवटी हलत होती. पाणी शिंपडलं तेव्हा दोन्ही जुड्यांवर पडलं की नाही, हे तिनं वाकून बघितलं. त्याच्या जुडीवर कमी पडलं असं वाटून मला ती परत पुढे धरायला लावली.

बाहेर आलो. रस्त्यावर नेहमीची गाड्यांची रांग. आई म्हणाली, "एक आपल्या दाराला लावते. त्याची तू खोपटला ने, तुझ्या दाराला लाव. तिकडे तर जाऊ देणार नाहीत."

मी म्हटलं ठीक आहे. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, माझं एकदम टाळकं सटकलं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली. खोपटला माझं घर आहे, माझी चूल आहे, आणि पट्टीतलं हे भात माझ्या हातांनी लावलेलं. "आई, आणि माझी जुडी?"

"काय?"

"माझी!" मी ओरडले. "माझं घर नाही का? माझी जुडी कुठाय?"

रस्त्यावरचे चारजण वळून बघायला लागले. आई थांबली. तिला खरंच कळलं नव्हतं, मी काय विचारतेय ते. मग तिनं माझ्या खांद्यावर पडलेलं लोंबीचं कुसळ उचललं, हातानं झटकलं आणि म्हणाली, "तुला कशाला गो बाय? तू कुठं गेलीस?"

मी दोन्ही जुड्या घेऊन तिथेच उभी राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, आणि आई माझा दंड धरून मला बाजूला ओढत होती.