एका ताग्यातलं घर

आमच्या घरात काहीही लागलं की आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "उरूसात घेऊ." कपाचा कान तुटला, उरूसात घेऊ. चाळणीचं एक भोक मोठं झालं, उरूसात घेऊ. एकदा शेजारणीनं सहज विचारलं, "मोठीचं लग्न कधी?" तर आई तंद्रीत म्हणाली, "बघू, उरूसात." मोठी म्हणजे मी, आणि मी तेव्हा सहावीत होते!

परभणीचा उरूस भरायचा हिवाळा सरता सरता. आम्ही सेलूला राहायचो. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, गावाकडं दोन एकर कोरडवाहू. उपाशी कुणी नव्हतं, पण पैसा यायचा मोजका आणि आई त्याला जाऊ द्यायची नाही. साबणाची वडी झिजून चिप उरली की ती नव्या वडीला चिकटायची, त्यामुळं आमच्या घरी साबण संपला असं कधी झालंच नाही. चहाचा चोथा वाळवून ठेवलेला असायचा, तो नावडत्या पाहुण्यांसाठी. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणानं शिवून नवी वही व्हायची. तिच्यात गणित रेघांवर आणि मराठी चौकटींत. भाजीला ती जायची दिवेलागणीला, बाजार उठताना. विकणारा पाटी आवरायला लागला की ही समोर उभी. "आता परत घेऊन जाता का वझं? द्या की."

मला याचा राग यायचा का? लय यायचा! पण आमच्या घरात राग आला तरी तो बेताबेतानं वापरावा लागायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईला कापड दुकानात एक अख्खा तागा घावला. चादरीचं कापड, पोपटी रंग, त्यावर जांभळ्या छत्र्या. छापताना कुठंतरी सरकलं होतं, त्यामुळं छत्री एकीकडं आणि तिची दांडी वितभर पलीकडं. दुकानदारानं तो तागा गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून खाली दडवला होता, पण आमच्या आईच्या नजरेतून दडवलेला माल सुटत नाही. ती सकाळी जाऊन बसली ती दुपारच्या जेवणाला उठली, आणि उठताना अर्ध्या भावात तागा घेऊनच उठली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आईनं अंथरुणाच्याच कापडातून आमचे फ्रॉक शिवले. मला एक, धाकटीला एक. मग उशांचे अभ्रे, खिडकीचा पडदा, रेडिओचं झाकण, बाबांचा पायजमा. तरी उरलंच, त्याची बाजाराची पिशवी झाली. बाबा पायजमा घालून गादीवर आडवे झाले की माणूस कुठं संपतो आणि उशी कुठं सुरू होते ते कळायचं नाही. धाकटी तेवढी खूश होती. गल्लीत दिसेल त्याला थांबवून सांगायची, "माझा फ्रॉक अक्कासारखाच हाय. सेम!"

मी मात्र बुडाले. वर्गातली एक मुलगी वही मागायला घरी आली. तिनं माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, रेडिओकडं बघितलं आणि वही न घेताच पळाली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव पडदा. "पडदा आला गं!" "आज पडदा धुतलेला दिसतोय." शाळेत गणवेश घालून गेले तरी पडदाच.

मग उरूस आला. त्या वर्षांत नामांतरावरून आज बंद, उद्या मोर्चा, एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून आम्ही पॅसेंजरनं निघालो. आई, मी आणि धाकटी. बाबांना जिनिंगमधून सुट्टी नव्हती. दोघींनी तोच फ्रॉक घालायचा हुकूम होता, कारण दुसरा चांगला फ्रॉक नव्हताच. स्टेशनात शिरताना आईनं धाकटीची उजळणी घेतली.

"किती वर्षांची हाईस?"

"घरी सहा. गाडीत चार."

"शाब्बास."

पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीट लागायचं नाही, म्हणून धाकटी दोन वर्षं गाडीत चारच वर्षांची होती. पोर गुणी. जे सांगाल ते तंतोतंत करायची, आणि घात झाला तो त्यामुळंच.

उरूसात आईची पद्धत ठरलेली. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, दुसऱ्या फेरीत भाव करायचा, तिसऱ्या फेरीत घ्यायचं. बघताना एखादी वस्तू आवडली तर तोंड वाकडं करायचं. दुसऱ्या फेरीला आई कपबशीवाल्यापुढं बसली. म्हातारा माणूस, मेंदी लावलेली दाढी, पुढं कडब्यावर मांडलेला कपबश्यांचा ढीग. आईनं आपली छत्र्यांची पिशवी सरळ त्याच्या मालावर ठेवली आणि एकेक कप नखानं टिचकी मारून कानाशी धरायला लागली.

"सहाचा जोड कितीला?"

"अठरा."

"दहा."

"अम्मा, दस में तो खाली बशी आती."

"मग बशीच द्या, त्यात कप फुकट घाला."

अर्धा तास हेच चाललं. आईनं सहा कप निवडले, परत ठेवले, दुसरे निवडले. एकाचं बूड वाकडं काढलं, एकाचं फूल फिकं काढलं. म्हातारा चौदापर्यंत उतरला आणि तिथं ठाण मांडून बसला. मग आईनं तिचं शेवटचं अस्त्र काढलं, म्हणजे उठली. पिशवी झटकली आणि चालायला लागली. दहा पावलं, अगदी सावकाश. मागनं हाक येते म्हणजे येतेच, हा तिचा आजवरचा अनुभव.

हाक आली नाही. म्हातारा म्हणाला, "जाव अम्मा, खैर से जाव," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आईचं तोंड एवढंएवढंसं झालं. "तिसऱ्या फेरीला बघते त्याला," ती पुटपुटली. मग धाकटीचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी त्या चाळण्या बघून येते. हितंच फिरा. हात सोडू नको."

आणि नेमक्या तेव्हाच मला आकाशपाळण्याजवळ वर्गातल्या तिघी दिसल्या. अगं माय! एकटी असले की अंगात निदान फ्रॉक तरी म्हणता येत होता. दोघी शेजारी उभ्या राहिलो की सरळ खिडकीचा जोडपडदा. मी धाकटीचा हात सोडला.

"लांबून चल," मी म्हणाले. "माझ्या वळखीची न्हाईस असं चल."

तिनं मान डोलावली. गुणी पोर.

मी तिघींकडं गेले. गंमत म्हणजे त्यांनी चिडवलंसुद्धा नाही. एकीनं हातावर रेवड्या ठेवल्या, दुसरी नव्या बांगड्या दाखवत बसली. दहा मिनिटं झाली असतील, नसतील. वळून बघितलं तर मागं नुसती माणसंच माणसं. पोपटी रंग कुठंच नव्हता.

मी धावले. बांगड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, मौत का कुआँ, परत बांगड्या. हाका मारायला तोंड उघडलं. तोंडात रेवडी तशीच होती, ती थुंकली. माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं, एवढंच डोक्यात. आई चाळण्यांपाशी सापडली. मी एकटीच आलेली बघितल्यावर तिच्या हातातली चाळणी खाली पडली. तिनं मला मारलं नाही. माझं मनगट धरलं आणि पोलिसांच्या तंबूकडं जवळजवळ ओढत नेलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तंबूत लाउडस्पीकर होता. जमादारानं विचारलं, "वय काय पोरीचं?"

"चार," आई म्हणाली.

लगेच सगळ्या उरूसात आवाज घुमला, "चार वर्षांची मुलगी हरवली आहे..." आईनं कपाळावर हात मारला. "आवो सहा! सहा वर्षांची! चार गाडीत हाय ती!"

"कोणत्या गाडीत?" जमादार उठूनच उभा राहिला.

ते निस्तरायला पाच मिनिटं गेली. मग कपड्यांचं विचारलं. आईनं पिशवी उंच धरली. "ह्या कापडाचा फ्रॉक हाय." मग मला पुढं ओढलं. "आन् ही बघा. हिच्यासारखाच. सेम."

आणि लाउडस्पीकरवरून अख्ख्या परभणीला ऐकू गेलं: पोपटी रंगाचा फ्रॉक, त्यावर जांभळ्या छत्र्या, दांड्या बाजूला. ज्या कापडाचं नाव वर्गातल्या चाळीस पोरींत निघू नये म्हणून मी महिनोन् महिने देवाला विनवत होते, ते आता हजारो माणसांत निघत होतं. आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, आणखी एकदा सांगा. मोठ्यांदा सांगा. छत्र्यांचं परत सांगा.

आई तंबूच्या दांडीला धरून उभी होती. बाजूनं एक फुगेवाला भाव सांगत गेला, तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी भाव सांगतंय आणि आई गप्प आहे, असं मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गर्दीत माणसांच्या डोक्यांवरून पोपटी काहीतरी हलताना दिसलं. मेंदीच्या दाढीवाला म्हातारा धाकटीला खांद्यावर बसवून घाम पुसत येत होता. धाकटीच्या हातात कान तुटलेला एक कप, आणि चेहऱ्यावर रडण्याचा मागमूस नाही.

"अम्मा, ये तुम्हारीच है ना?" तो म्हणाला. "वो भोंगा चार बरस बोल रा, ये बोलती घर पे छै, गाडी में चार. मैं बोला, नक्को, कपडा देखो. आधा घंटा ये थैली मेरे माल पे पडी थी. भूलता कैसा मैं?"

ती त्याच्या दुकानावरून एकटीच चालली होती, माझ्या ओळखीची नाही अशी. त्यानं तिला उचलून कडब्यात, कपबश्यांच्या मधोमध बसवलं होतं. आईचा जीव त्या दिवशी खरोखरच भांड्यांत पडला होता. तिनं धाकटीला ओढून घेतलं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली. म्हातारा कावराबावरा झाला. "रोव नक्को अम्मा. मेरा माल खुल्ला पडा है, चलो, चलो."

माल उघडा टाकून आला म्हटल्यावर आई डोळे पुसत आमच्याही पुढं पळाली. दुकानापाशी जाऊन आधी तिनंच सगळ्या कपबश्यांवर नजर टाकली. मग समोर जे पहिले सहा कप आले ते उचलले. टिचकी नाही, कान लावणं नाही. आणि अठरा रुपये पुढं केले.

"दस," म्हातारा म्हणाला.

"अठरा घ्या."

"अम्मा, तुम्हीच दस बोले थे."

"तवा बोलले होते. आता अठराच."

"नक्को! बारा."

"सतरा."

भोवती माणसं जमली. दुकानदार भाव पाडतोय आणि गिऱ्हाईक चढवतंय, असला सौदा त्या उरूसात कुणी बघितला नसेल. शेवटी चौदावर जमलं, जिथं तो दुपारी अडून बसला होता. दोघंही दमले होते. निघताना त्यानं धाकटीचा तुटका कप तिच्याकडंच राहू दिला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये धाकटी आईच्या मांडीवर झोपली. मी समोर बसले होते. शेवटी राहवेना.

"आई, मी हात मुद्दाम सोडला होता."

"माहीत हाय. हिनं सांगितलं." आई खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "लय वंगाळ हाय का गं ते कापड?"

मी म्हणाले, "न्हाई."

"खोटं बोलू नको. मलाबी दुकानातच दिसलं व्हतं, दांड्या बाजूला हाईत म्हणून." तिनं धाकटीचा वर सरकलेला फ्रॉक खाली ओढला. "पर तागा घेतला म्हणून दोघींचं झालं. न्हाईतर हिला तुझाच जुना आला असता. आजवर हिला नवं कधी आलंय?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. खरंच, कधीच आलं नव्हतं. माझे विरलेले, उसवलेले फ्रॉक घालून ती सहा वर्षांची झाली होती. अंगावर पहिल्यांदा चढलेलं नवं कापड ती गल्लीभर दाखवत फिरत होती, अक्कासारखं आहे म्हणून.

सेलूला उतरलो तेव्हा पलीकडच्या डब्यातून त्या तिघीही उतरल्या. मी झोपाळलेल्या धाकटीचा हात धरलेला होता. एकीनं आम्हा दोघींना बघितलं आणि फलाटावरूनच ओरडली, "पडदा!"

"नीट बघून बोल की," मी ओरडले. "एक न्हाई, दोन हाईत. जोडी हाय!"

धाकटीला काय ते कळलं नाही, पण तिनं तुटका कप उंच करून त्यांना दाखवला.